दुखलं तर हात वर करा

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
मी बेचाळीस वर्षं भरलं,
डॉक्टर प्रोकिचांच्या उजव्या हाताला उभी राहून:
आरसा, चिमटा, सुई, कापूस.
दवाखाना बंद पडला तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी
अवजारांची पेटीच घरी आणली.

आता तीच सुई घेऊन बसते
डॅन्यूबकाठच्या या म्युझियमच्या मागच्या खोलीत.
द्रागुतिन शेतातून आलेली नाणी
दह्याच्या रिकाम्या डब्यात भिजत घालतो,
मी एकेक उचलते.
नखाएवढं ब्राँझ, हिरव्या खपलीखाली
बहुतेकांवर तोच प्रसंग:
शिपाई भाला खुपसतोय,
घोडा गुडघ्यांवर बसलाय,
स्वार मागे वळून पडतोय,
आणि कडेनं गोल अक्षरं. द्रागुतिननं वाचून दाखवली,
‘सुखाचे दिवस परत आले.’

मी इतकी हसले की चष्म्यावर वाफ धरली.
कुणाचे, रे?

हसू नका, मिलुंका, तो म्हणाला,
बादशहाची घोषणा आहे.
घोषणा मलाही माहीत आहेत.
त्र्याण्णवच्या हिवाळ्यात आमच्या नोटेवर
पाचापुढे अकरा शून्यं होती
आणि शून्यांशेजारी एक दाढीवाला, शांत,
जणू त्याच्या घरी चूल पेटत होती.
सकाळचा पगार दुपारी एक कोबी झाला.
यांचंही तसंच. नाणं आक्रसत गेलं,
सुखाचे दिवस तेवढे कडेला कोंबून बसवले.

काल एक वेगळं निघालं.
टांकसाळीतलं नव्हे; कुणीतरी चोरून,
दुसऱ्या नाण्याकडे बघत बघत ठोकलेलं.
त्याला वाचता येत नसावं.
अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या, मोडक्या कुंपणासारख्या.
घोडा जमला नाही, शेळी झालीय.
शिपायाला तोंडच नाही.
पण पडणाऱ्याचा हात,
हात त्यानं केवढा काढलाय!
शेळीहून मोठा, पाची बोटं सुटी,
बाकी सगळं चुकलं तरी चालेल,
एवढं चुकता कामा नये, असा.

दुखलं तर हात वर करा.
दिवसातून वीसदा म्हणायची मी,
खुर्चीतल्या पोरांना, म्हाताऱ्यांना, एकदा एका फौजदाराला.
हात वर झाला की डॉक्टर थांबत.
नेहमी नाही.
पण थांबत.

सुई बाजूला ठेवली.
बोटांच्या फटींत अजून माती होती.
एवढं राहिलं की, द्रागुतिन म्हणाला.
म्हटलं, राहू दे आज.
त्यानं पाकिटावर लिहिलं: नक्कल. अक्षरं लागत नाहीत.
सफाई अपुरी.

मी डब्यातलं पाणी बदललं
आणि टेबलावरचा दिवा जरा वळवला,
त्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून.