डोईभर लाकडांची पावती

कारकून विचारतो, गाव कुठलं?
गोरेगाव, मी म्हणते. आरेतला पाडा.
तो चष्म्यावरून बघतो,
मुंबईत कुठले आदिवासी?
मी पिशवीतून रेशनकार्ड काढते.

शिष्यवृत्तीच्या अर्जात 'गाव' दाबलं
की एक यादी उघडते, लांबच लांब.
आमचा पाडा तीत नाही.
'इतर' आहे.
मी इतर.

फी आत्ता भरा, मागाहून परत मिळेल, असं कॉलेज म्हणतं.
आई अंधेरीला पुलाखाली शेवळं विकते,
वीसला जुडी, संध्याकाळी वीसला दोन.
मी वहीत त्याच शेवळाचं लॅटिन नाव लिहिते,
स्पेलिंग तपासून.
परीक्षेत त्याला दोन गुण असतात.

पडताळणी समितीला हवा
पन्नास सालाआधीचा कागद.
शाळेचा दाखला? पणजा शाळेत गेला नाही.
सातबारा? जमीन पायाखाली होती,
नावावर नव्हती.
जन्माची नोंद? काका सांगतो,
भात पोटरीला आलं होतं तेव्हाचा तो.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

सतरा महिने 'प्रलंबित'.
हॉस्टेल नाही, कारण पत्ता मुंबईचाच.
पुस्तकं बाराप मॅडमनी दिली, त्यांच्या लेकीची,
समासात तिच्या पेन्सिलीतली फुलं.

मग जुन्या दप्तरातल्या एका गठ्ठ्यात,
लाल फडकं सोडल्यावर, धूळ, शिंका,
आणि हे:
सन १९४३. विनापरवाना
डोईभर सुकं लाकूड नेताना पकडला
चैत्या लखमा धांगडा, जात वारली.
दंड बारा आणे.
खाली अंगठा. जरा तिरका,
कुणीतरी मनगट धरून दाबल्यासारखा.

समितीने पुरावा ग्राह्य धरला.
त्याला चोर लिहिताना
कुणी त्याची जात नीट लिहून ठेवली होती,
वळणदार अक्षरात.
मी त्या अक्षराचे आभार मानू की काय करू,
बसमध्ये ठरवत राहिले,
फिल्मसिटीचा स्टॉप मागे गेला.

काल मोबाइल वाजला. पैसे जमा.
उधारी फिटून उरले चारशे साठ.

आई टाकळ्याच्या जुड्या बांधत होती.
कितीचा व्हता गं दंड?
बारा आणे. म्हणजे पंच्याहत्तर पैसे.
तिने दोरा दातांनी तोडला.
तवा लय असतील ते, म्हणाली.
कुठून भरलं असतील त्यानं?

मी झेरॉक्स उलटून बघितली.
मागची बाजू कोरी.