आधीची व्याख्या इथे होती

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत
वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहिणारे आम्ही तिघे होतो.
मेणसेकाका मार्चमध्ये निवृत्त होऊन हिंडलग्याला गेले,
मागे ठेवल्या चार हजार ओळी
आणि लवंगांचा एक स्टीलचा डबा.

नव्या मशीनवर मी बटण दाबलं.
दोनशे तेरा तक्रारी.
संकेश्वरी मिरची वाळत घातल्यागत
पडदा लाल.

मी खालून वाचायला घेतलं,
कारण पडदा खाली येऊन थांबतो
आणि शेवटी ओरडणाराच जवळचा वाटतो.
शिवलीला खुर्ची सरकवत आली.
"ओंदे तप्पु," म्हणाली, "उळिदद्देल्ला अदर मक्कळु."
चूक एकच, बाकी तिची पोरं.
"वर जा की गं. वर."

सगळ्यात वर लिहिलं होतं: अशी फाईल नाही.
होती की!
समोर दिसत होती, वजन नावाची.
काकांनी रोमनमधलं पहिलं अक्षर थोरलं टाकलेलं;
जुनं मशीन सांभाळून घ्यायचं, नवं घेत नाही.
मी ज्या लिपीत पहिल्यांदा नाव लिहिलं
तिच्यात अक्षरांना लहानमोठेपण नसतं,
शिवलीलाच्याही नसतं.
दोघी तासभर त्याच नावाकडे बघत बसलो
आणि दिसेना.

दोनशे तेराच्या उरल्या दोन.

एक म्हणत होती:
एक्केचाळिसाव्या ओळीत अट उघडली, मिटली नाही.
ती बोलली फाईल संपल्यावर,
दार कुठं उघडं राहिलं ते मात्र नेमकं सांगितलं.
कन्नड असेल तर, असं तिथं होतं,
खाली पावतीची कन्नड अक्षरं,
मग नाहीतर,
मग मराठी,
आणि मग काका बहुतेक चहाला गेले.
पुढचं सगळं, तारीख, गाडीचा नंबर,
काटा शून्यावर आणणंसुद्धा,
त्या नाहीतरच्या पोटात.
"म्हणजे शून्यपण फक्त मराठीतच काय?"
शिवलीला हसली. मीही.
हॅश, आणि पुढं एन्डिफ. सहा खुणा टाकल्या.

दुसरी लाल नव्हती, पिवळी:
शहराच्या नावाची पुन्हा व्याख्या झाली आहे.
आधीची व्याख्या इथे होती.

इथे म्हणजे सातवी ओळ. बेळगाव.
दोनशे तिसऱ्या ओळीत बेळगावी.
प्रीप्रोसेसरला भाषा येत नाही.
तो शब्द उचलतो, दुसरा ठेवतो,
अर्थ पुढच्यानं बघायचा.
तरी आधीचं कुठं होतं
एवढं त्याला सांगावंसं वाटतं.

पलीकडे कुणीतरी लेथ बंद केलं,
ते चालू होतं हे तेव्हा कळलं.
"पावतीवर कुठलं छापतंय?" तिनं विचारलं.
"शेवटी आलेलं."
"सातवी ओळ काढूलीस?"
मी कर्सर तिथं नेला. परत आणला.
"असू दे," तीच म्हणाली,
"बोलतंय तेवढंच. अडवत नाही."

मग सगळं नीट चाललं.
चाचणीची गाडी, उसाची:
भरलेली अठरा पूर्णांक चोवीस टन, रिकामी सहा पूर्णांक एक,
दर तीन हजार दीडशे.
पावती सुबक निघाली.
रक्कम: उणे एकोणीस हजार एकशे शहाण्णव रुपये शहात्तर पैसे.
गाडीवालाच कारखान्याचं देणं लागत होता,
आणि पडद्यावर एक अक्षर तक्रार नाही.

काकांना फोन लावला.
निव्वळ म्हणजे भरलेली वजा रिकामी,
असं लिहिलंय तुम्ही, कंस नाहीत.
दर आला तो एकट्या रिकामीला जाऊन चिकटला.
पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
"कंस?" काका म्हणाले,
"तेव्हा पावतीवर दरच नव्हता की गं.
निव्वळ आपलं एकटंच छापायचं.
एकट्याला कंस कशाला?"

बरोबर होतं त्यांचं, त्यांच्या जागी.
मी दोन कंस घातले.
अडतीस हजार दोनशे एक्केचाळीस.

शिवलीलानं डबा उघडला,
एक लवंग मला दिली, एक स्वतः घेतली,
आणि झाकण लागेपर्यंत दाबत राहिली.
पिवळी ओळ तेवढी उरली होती पडद्यावर.