एकाहत्तर चारशे

आज एकोणिसावा दिवस.
न्हाणीच्या दारात काटा. पाय पुसून, केस वर बांधून,
श्वास सोडून उभी राहिले तरी
एकाहत्तर चारशे.
कालही तेच. परवा सहाशे होतं,
पण परवा मी घड्याळ काढायला विसरले होते.

तक्ता मृण्मयीनं दिलाय, भावाची मुलगी, कुडाळात असते.
फ्रिजवर लावलाय, आंब्याच्या चुंबकाखाली.
आंबा बंद. चुंबकावरचा चालतो.
सकाळी दोन अंडी खोबरेलात,
दुपारी बांगडा, तिरफळं घालून,
रात्री बांगडा.
भाताशिवाय तिखलं खाताना
हात ताटात उगाच फिरत राहतो,
कालवायला काहीतरी शोधत.

कारखान्यात माझ्या हाताखाली बावीस बायका.
दोनशेचाळीस, तीनशेवीस, पाकळी, तुकडा,
काजूगर बोटांना न बघता कळतो.
दिवसाला पाच चालतील, मृण्मयी म्हणते, मोजून.
अठरा वर्षं मी काजू मोजतेय.
पाच कोण खातं?
पाच म्हणजे तोंड उघडल्याचा दंड.

दुपारी तीनला गुडघ्यांतली वीज जाते,
आमच्याकडे जाते तशी, न सांगता.
पोटऱ्यांत गोळे. कपाळात कुणीतरी नारळ सोलतंय.
शेवंतीचे ओठ आधी हलतात,
शब्द मागाहून पोचतात, शिरोड्याच्या एस्टीसारखे.
"गो, तोंड बघ आरशात,
सुक्या बांगड्यासारख्या झालाहा. वायच पेज घे."
डबा सकाळचा, पेज गार,
वर लोणच्याची एक फोड.
तरी मला वाफ दिसली.

घेतली नाही.
आईच्या पायाची दोन बोटं ओरोसच्या इस्पितळात राहिली.
साखर.
फॉर्मवर सही माझी होती.

आत्या, तुला मीठ कमी पडतंय, फोनवर मृण्मयी,
पाण्यातून घे. होतं असं सुरुवातीला,
शरीर सवय बदलत असतं.
माझं शरीर सेहेचाळीस वर्षांचं आहे, बाई.
त्यानं अजून घाटावरची चपातीसुद्धा
मनापासून मान्य केलेली नाही.

मीठ मिठागराचं, शेवंतीचा नवरा तिथं कामाला.
ग्लासात चिमूट टाकली, उभ्यानंच प्यायले,
समुद्रच तो, गाळलेला.
तिला विचारलं, एका कोंडीचं मीठ व्हायला किती दिवस लागतात?
"ऊन कसा पडता त्यार."
आणि नाही पडलं तर?
"तर पाणी."
आणि ती पुन्हा काजू निवडायला लागली.

पाच वाजता सगळ्या गेल्यावर
पोती मोजायच्या मोठ्या काट्यावर चढले.
त्र्याहत्तर.
चपला काढल्या. कमरेचा चाव्यांचा जुडगा काढला.
बहात्तर शंभर.
गळ्यातलं काढायला हात गेला, तेव्हा हसू आलं,
पत्र्याच्या छपराखाली, एकटीला,
टरफलांच्या करपट वासात.
वॉचमन भिवा डोकावला. काही न विचारता
दिवा लावून गेला.

हेही लिहायला हवं:
सकाळी बांगड्या भरताना डाव्या हातातली एक
सहज आत गेली, साबणाशिवाय.
पण साबण मी कधी लावायचे, कधी नाही,
हे आता नीट आठवत नाही.

रात्री घरच्यांना भात लावला. पेज निवळली.
मोरीत ओतवेना,
गार करून जास्वंदीच्या मुळाशी ओतली.
तिला कोण बंद करणार?
ह्यांनी विचारलं, दिवा का चालू अजून?
हिशेब, म्हटलं.
वहीत तारीख घातली, आकडा लिहिला,
आणि खालच्या ओळीत, नेहमीसारखं:
उद्या विसावा.

त्या शब्दाकडे
मी बराच वेळ बघत बसले.