शेजारच्या खुर्चीवरून

बस ना.
खिडकीजवळची घे, ती कमी कुरकुरते.
मी ओइरिग. हॅरिस बेटावरची, लोकर विणते.
ग्लासगोत आज माझी चौदावी पिशवी.
तुझी पहिली. बुटांवरूनच कळतं,
पहिल्या दिवशी सगळे पॉलिश करून येतात,
जणू कुणाला पसंत पडायचंय.

औषध आणतील ते बघून हसू नकोस.
एवढीशी पिशवी, वीस मिनिटांत रिकामी.
माझ्या नवऱ्याला वाटलं, फसवलं आपल्याला:
एक बोट, दोन बस,
आणि चहा निवायच्या आत संपलंसुद्धा!
संपलं नव्हतं.
ते नुसतं दार वाजवणं होतं.

डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं.
मला ते अर्धंच दिसलं,
म्हणून उरलेलं मी माझ्या मागावर लावून पाहिलं.
दोन टोकांचा धागा आहे, स्ट्रुअन.
एक टोक त्या गाठीतल्या पेशीला अडकतं,
दुसरं तुझ्याच रक्तातल्या राखणदाराला.
तो इतके दिवस तिच्या अंगाला अंग घासून जात होता,
ओळख नव्हती, एवढंच.
धागा ओळख करून देतो.
मारामारी त्यांची ते करतात.
आणि ती तुझ्या अंगात होते, म्हणून ताप.

हा धागा प्रत्येकाच्या रक्ताला लागत नाही.
मार्चमध्ये एक बाई होत्या, हिरवा कोट,
नमुना जुळला नाही.
मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले.
बटण त्यांनीच दाबलं.

आता ऐक.
पहिले तीन आठवडे रात्री इथेच राहायचं.
दरवेळी डोस थोडा चढता.
घरी जातो म्हणून हट्ट करू नकोस,
मी केला होता, नर्स मोरव्हेननं ऐकलं नाही, बरं झालं.
संध्याकाळी हुडहुडी भरेल,
दात असे वाजतील की पलीकडचा पेशंट उठून बसेल.
मग ताप. मग उलटी, कदाचित.
रक्तदाब घसरला तर खोली बोटीसारखी हलते.
बीपीची गोळी घेतोस का? आज सकाळी घेतलीस?
मला नको सांगूस, तिला सांग. आत्ता.
ती रात्रभर डोळ्यात तेल घालून बसते,
पण तुझ्या पोटात काय ढवळतंय
ते तू बोलल्याशिवाय तिला कसं कळणार?
आणि पुरळ उठलं, कातडी सोलली, कितीही थोडी,
तर काणाडोळा करू नकोस.
हे मी सांगतेय,
जिला एकच डोळा आहे.

हस, हस. चालतं इथे.

चौथ्या आठवड्यापासून सोपं होतं.
म्हणजे, माझं झालं. तुझं मला माहीत नाही.
मी सांगते ते माझ्या अंगाचं,
तुझं तुझे डॉक्टर सांगतील.

यकृतावरचे डाग लहान झाले, असं ते म्हणाले नाहीत.
वाढले नाहीत, म्हणाले.
त्या दिवशी परतीच्या बोटीवर
मी तळलेला मासा दोनदा मागवला,
आणि नवरा, जो खिशातून नाणं काढताना तीनदा मोजतो,
काही बोलला नाही.

हो, आणि हे कागदावर लिहिलेलं असतं, पण कुणी वाचत नाही:
रंगाच्या चांगल्या पेशीही त्या झटापटीत सापडतात.
तिसऱ्या महिन्यात माझ्या पापण्या पांढऱ्या झाल्या.
दोन्हीकडच्या.
काचेच्या डोळ्यावरच्यासुद्धा.
तिथे आता कुणी राहत नाही,
हे त्या राखणदारांना कोण सांगणार?
नातीला मात्र आवडल्या.
म्हणते, आजी, तुझ्यावर दंव पडलंय.

ही आली बघ मोरव्हेन.
बाही वर कर.
उजवा हात नको देऊस, वेड्या,
त्या हातानं तुला अजून सही करायचीय,
आणि रात्री बायकोला फोन.
तिला ताप आकड्यात सांग.
"बरा आहे" म्हणू नकोस.