त्रेसष्ट टक्के

रामकुंडावरून परतताना द्वारका सर्कलला गाडी अडकली,
तेव्हा ओजसच्या मांडीवरचा फोन मला दिसला.
एक गोल. गोलात आकडा.
एक्केचाळीस.

काय चढवतोयस रे?
कावळा, आत्या. शिवतानाचा. भारी आलाय.

पाऊण तास लागला होता त्या कावळ्याला.
दही घालून झालं, अण्णांचा चिवडा झाला,
तपकिरीची डबीसुद्धा उघडून ठेवली.
पत्र्यावरचे कावळे एकेक करून
शेजारच्यांच्या पिंडाकडे जात राहिले.
गुरुजी शेवटी दर्भाचा कावळा वळायला बसले,
तेवढ्यात मुरली पुढे झाला,
ओल्या धोतरानिशी, हात जोडून,
आणि एक वाक्य बोलला
बावीस वर्षं आमच्या घरात कुणीच न बोललेलं.

कावळा आला.

फोनमध्ये कावळा सहाच सेकंद आहे.
त्याच्या आधी चौतीस सेकंद मुरली.

त्रेपन्न.

थांबव ते.
थांबत नाहीये, आत्या.
फुली दाबली तर ॲप म्हणालं,
तुम्ही दुसरी कामं करा, हे मागे चालू राहील.
बंद केलं, उघडलं. सत्तावन्न.
पुढच्या सीटवर मुरली, नुकतं भादरलेलं डोकं काचेला टेकून
झोपला होता,
किंवा झोपल्यासारखा होता.

विमान दाबा, विमान, नवनाथ ड्रायव्हर आरशातून म्हणाला.
स्क्रीन गोठलेली. विमान कुठलं उडतंय?
मग सिमच उपटा.

आई दहा दिवस कुठल्याच गोष्टीत नव्हती.
पाणी द्या, पिते. उठा, उठते.
तिच्या बांगड्यांत कायम एक सेफ्टी पिन असायची,
बांगड्या गेल्या तशी ती पदराला आली.
तिनं ती काढली
आणि न विचारता माझ्या हातात दिली.

चमकीच्या भोकाएवढं भोक.
माझा हात थरथरतोय, एकदा घसरली, दोनदा घसरली.
सिग्नल सुटला, मागून हॉर्न,
एक रिक्षावाला आमच्या आईबापाचा उद्धार करून गेला.
नवनाथनं गाडी हलवली नाही.
टक.
गोल थोडा फिरला,
फरशीवर पडलेलं नाणं फिरतं तसा,
आणि बसला. त्रेसष्ट.

अण्णा एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये.
रोज सुटताना गेटवर झडती. डबा उघडा, हात वर करा.
दिवसभर एवढा पैसा हाताखालून जायचा
आणि घरी यायचा तो नुसता शाईचा वास.
आम्ही पोरं विचारायचो, आज काय छापलं?
ते चप्पल काढत म्हणायचे,
भाजी काय केलीय?

उपनगर नाक्यापाशी ओजस हळूच म्हणाला,
मी ऐकलंच नाही गं, मी कावळा बघत होतो.
बाबा काय म्हणाले?
विचार त्याला, म्हटलं. आज नको.

घरी आल्यावर माझ्यासमोर त्यानं ते पुसलं.
फोननं विचारलं, नक्की?
पुन्हा विचारलं, नक्की?
मग सांगितलं, तीस दिवस डब्यात राहील,
मन बदललं तर परत घेता येईल.
म्हणजे तेराव्यानंतरही ते घरात असणार.
डबाही रिकामा केला.

ते वाक्य मी इथेही लिहिणार नाही.
कावळ्याला कळलं, आईनं ऐकलं,
आणि मुरलीला ते आता पाळायचं आहे.
मी फक्त पाहुण्यांच्या गाद्या मोजत होते
तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला.
डोक्यावरून हात फिरवला, केस नाहीत हे विसरून.

सर्कलला कसली गडबड होती?

मी चादर झटकली.
भाजी कुठली करू, म्हटलं.

तो बघत राहिला थोडा वेळ.
मग म्हणाला, दोडकी आहेत बहुतेक.