सतरा नंबरचं टेबल

बाकीची टेबलं मघाशीच रिकामी झाली.
शिपाई खुर्च्या एकावर एक चढवतोय,
मुद्दाम आवाज करत.
मी पंच. माझं काम बघणं
आणि न बोलणं.

घणसोली, सेक्टर सात, शाळेचा तळमजला.
सतरा नंबरवर प्रणिल सामंत, रेटिंग चौदाशे बारा.
समोर हिमाली मढवी, रेटिंग नाही.
चपला मोठ्या बहिणीच्या असाव्यात,
टेबलाखाली त्या कधीच्या पायांतून सुटल्यात.

त्याच्याकडे एक उंट आणि एक प्यादं, अगदी कडेचं.
तिच्याकडे राजा. बस्स.
खिडकीपलीकडून त्याचे वडील बोटांनी दाखवतायत:
दोन. शून्य. संपव.

पण उंट काळ्या घरांचा,
आणि प्याद्याला पोचायचंय ते शेवटचं घर पांढरं.
तिथे ती जाऊन बसलीय
जिन्यावरच्या मांजरीसारखी.
हुसका, जरा बाजूला होईल,
वळून बघा तर
पुन्हा तिथेच.

हे मला माहीत आहे. तिला माहीत आहे.
त्याला अजून नाही,
किंवा आहे, आणि तरी तो उंट फिरवतोय,
उत्तर येत नाही त्या प्रश्नाखाली
पट्टीने रेघा मारत बसावं
तसा.

घड्याळात तेवीस सेकंद.
त्याने प्यादं पुढे सरकवलं.
वजीर व्हायला एकच घर.
ती बोर्डाकडे बघत राहिली,
मग वर्गात करतात तसा हात वर केला.
"सर, मला चालच नाही."
मी वाकून पाहिलं.
शह नव्हता. घरही नव्हतं.

अर्धा त्याला, अर्धा तिला.

सही करताना तो म्हणाला,
"तुला कधीपासून माहीत होतं?"
"तू घोड्याला घोडा मारलास ना, तेव्हा."
"मग बरोबरी मागायची ना."
"तू दिली नसतीस."

जरा वेळाने, अजून घुश्शातच,
"राहतेस कुठे?"
"गावात."
"म्हणजे कुठल्या सेक्टरला?"
"सेक्टर नाही त्याला.
तळ्यामागे कुणालाही विचार, मढव्यांचं घर."

वडील दारात आले. "काय झालं?"
तो काही बोलला नाही.
ती टेबलाखाली वाकून चपला शोधत होती,
एक सापडली,
दुसरी पार त्याच्या बाजूला गेलेली.
त्याने पायानेच, खाली न बघता,
ती सरकवली
एक फरशी पुढे.