चौथा पाय

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, जाळ्यांच्या दुकानाच्या माडीवर
दर शुक्रवारी सात पोरं येतात.
ओली स्वेटरं रेडिएटरवर टाकतात
आणि खोलीभर मेंढ्यांचा वास सुटतो.
अठ्ठावीस वर्षं मासळीच्या कारखान्यात मी सुरी चालवली,
शिकवण्याचा माझा वकूब तेवढाच.
तरी मंडळीनं सांगितलं,
यांना शिकव, मित्रांना प्रभूबद्दल कसं सांगायचं.

छापील कागद आला होता, पाच पायऱ्यांचा.
पहिली पायरी : हसून सुरुवात करा.
रानवा हसली,
इतकी, की खुर्ची मागे कलंडली.
"मी सुन्निवाशी असं बोलले ना,
तर ती माझ्या कपाळाला हात लावून बघेल.
बालवाडीपासून एका बाकावर बसतो आम्ही.
माझ्या पायातले मोजे कुणाचे, तेही तिला ठाऊक."

मला द्योनी आठवला.
सोळाचे होतो आम्ही. बंदरावरच्या खानावळीत
मी त्याच्या हातात पत्रक कोंबलं
आणि पाकीट मारल्यासारखा पळालो.
दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो,
तर नेहमी डगमगणारं टेबल ठाम उभं.
वाकून पाहिलं.
चौथ्या पायाखाली, चार घड्या घालून,
माझी सुवार्ता.

"मग तुम्ही काय केलंत?"
सूप प्यालो.
सांडलं नाही, हे मात्र खरं.

पोरं खिदळत होती तेवढ्यात मी कागद उलटे करायला सांगितले.
पाठकोऱ्या बाजूला लिहा म्हटलं,
या आठवड्यात मित्रांशी काय काय बोललात.
गणिताचा पेपर. मोपेडचा ब्रेक.
धुक्यात हरवलेली सुन्निवाची मांजर, मग सापडलेली.
कोण कुणाला सोडून गेलं.
आणि एयुनच्या मुंगीएवढ्या अक्षरात :
हानुसची आई, कोपनहेगनचं इस्पितळ, तिसरा आठवडा.

देवाचं नाव कुणाच्याच कागदावर नव्हतं.
मला रागवायला हवं होतं का? मी चष्मा पुसत बसलो.

मग एयुन बोलला, खिडकीकडे बघत.
"हानुसनं विचारलं होतं मला,
डबा उघडल्यावर डोळे का मिटतोस म्हणून.
मी म्हटलं, काही नाही, कुसळ गेलंय."

कुणी हसलं नाही.
माझ्या घशापर्यंत एक कोंबडा आरवायला आला होता,
तो मी गिळला.
साठी उलटलेल्या माणसानं
पंधरा वर्षांच्या पोराला पेत्राची गोष्ट सांगायची,
तीही आत्ता, त्याचे कान लाल झालेले असताना?
कॉफी ओतली. त्याच्या कपात साखर जरा जास्त पडली.

पुढच्या शुक्रवारी वारा असा, की जिना थरथरत होता.
एयुन उशिरा आला, बूट न काढताच म्हणाला,
"सांगितलं."
काय सांगितलंस?
"डोळे मिटले. तो थांबला.
म्हणाला, झालं? सूप निवतंय.
मी म्हटलं, तुझ्या आईचं नावही घेतलं.
रोज घेतो."
मग?
"मग काही नाही. बरं म्हणाला.
बराच वेळ पाव कुस्करत बसला.
मग म्हणाला, उद्या जरा मोठ्यानं घे,
मलाही ऐकू दे."

रानवानं नाक ओढलं आणि सर्दीवर ढकललं.
ही कितवी पायरी, मला सांगता आलं नसतं.
कागद तर केव्हाच खिडकीच्या फटीत गेलाय, घडी घालून.
वारा चांगला अडवतो.

पोरं गेल्यावर कप विसळताना वाटलं,
मी द्योनीला कधी विचारलंच नाही,
घडी घालण्याआधी त्यानं ते वाचलं होतं का.
चव्वेचाळीस वर्षं आम्ही एकमेकांना हात करतोय,
तो त्याच्या बोटीतून, मी धक्क्यावरून.
पोरांना काय शिकवायचं, ते शिकवत होतो, आणि.

उद्या शनिवार. तो गळाला आमिष लावत बसलेला असतो.
जाईन म्हणतो.
पत्रक नाही, थर्मास घेऊन.
दोन कप.